अंकांची रत्नमाला गुंफणारे महावीराचार्य

प्राचीन भारतीय गणितात आर्यभट, ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांच्या मालिकेत ज्या जैन पंडिताचे नाव आदराने घेतले जाते, ते म्हणजे ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथाचे कर्ते महावीराचार्य. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या कारकिर्दीत ते होऊन गेले. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचे कर्नाटकातील मळखेड. सोलापूरचा हा परिसरही त्या काळी त्याच राज्यात मोडत असे. आदिपुराणकार जिनसेनाचार्य हे सम्राटांचे गुरू. अशा विद्याप्रेमी वातावरणात इ. स. ८५० च्या सुमारास हा ग्रंथ सिद्ध झाला.

त्यापूर्वी गणित बहुधा ज्योतिषग्रंथातील एक अध्याय म्हणून येत असे. भगवान महावीरांना वंदन करून आरंभिलेल्या या ग्रंथात आचार्यांनी त्याला स्वतंत्र शास्त्राचे स्थान दिले. व्यापार असो वा पाककला, संगीत असो वा वास्तुविद्या, गणितावाचून कोणताही व्यवहार चालत नाही, ही त्यांची दृढ धारणा होती. म्हणूनच त्यांच्या उदाहरणांत भुंगे, कमळे, मोर आणि तुटलेला मोत्यांचा हारही येतो.

संख्यात, असंख्यात आणि अनंत यांचा सूक्ष्म विचार करणाऱ्या जैन परंपरेचे ते वारसदार. एक, दश, शत येथून महाक्षोभापर्यंत २४ स्थानांची नावे त्यांनी क्रमाने दिली. परंतु केवळ नावे पाठ केल्याने स्थानिक किंमत उमगत नाही. कदाचित हे जाणूनच त्यांनी गुणाकाराच्या प्रकरणात अंकांचे अलंकार घडविले. १३९ ला १०९ ने गुणावे, १५१५१ येतात. १५२२०७ ला ७३ ने गुणावे, आठ एकांची माळ तयार होते. उत्तर डावीकडून वाचा वा उजवीकडून, हार तोच.

या हारांत मौज आहे, तसे मर्मही आहे. १४२८५७१४३ ला ७ ने गुणले की १००००००००१ ही संख्या मिळते. दोन्ही टोकांचे मणी सारखेच, तरी उजवीकडचा एक हा केवळ एक आणि डावीकडचा एक हा शंभर कोटी. मधली आठ शून्ये काढून टाकली तर हाती उरतात फक्त अकरा. अंकाचे मोल त्याच्या जागेवर ठरते आणि ती जागा शून्य राखून ठेवते, हे पाचवी-सहावीच्या मुलाला दोऱ्यात मणी ओवता ओवता कळू शकते.

आचार्यांचे सर्वच सिद्धांत काळाच्या कसोटीस उतरले असे नाही. शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते, हे त्यांचे मत पुढे मान्य झाले नाही. मात्र ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हे त्यांनी त्या काळी स्पष्टपणे मांडले, यातून त्यांच्या प्रज्ञेची झेप दिसते.

अकराव्या शतकात पावुलूरी मल्लन यांनी हा ग्रंथ तेलुगूत नेला. १९१२ मध्ये एम. रंगाचार्य यांनी मद्रास येथून इंग्रजी अनुवादासह तो प्रसिद्ध केला. पुढे १९६३ मध्ये प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत प्रकाशित केला. अकरा शतकांनंतर आचार्यांची विद्या अशी या जिल्ह्यात परतली.

परंतु ग्रंथ कपाटात राहिला, तर हे परतणे अपुरेच. मोडनिंबसारख्या गावात भाव, मापे आणि हिशेब लहानपणापासून मुलांच्या कानावर पडतात, तरीही मोठी संख्या लिहिताना शून्य कोठे द्यावे, येथे अनेकांची पावले अडखळतात. पाठशाळेत स्तोत्रांबरोबर आचार्यांचा एखादा अंकहारही मुलांच्या हाती आला, तर त्यांचे गणिताचे भय ओसरेल आणि आपल्या पूर्वाचार्यांचा खरा परिचयही त्यांना होईल.