गागाभट्ट : काशीचे की पैठणचे?

गागाभट्ट म्हटले की काशी आठवते. कोणी परप्रांतीचे पंडित आले, शिवरायांना अभिषेक केला नि परत गेले, अशीच पुष्कळांची समजूत. पण बरं का मंडळी, हे घराणे मूळचे आपल्या गोदातीरचे, पैठणचे!

खापरपणजोबा रामेश्वरभट्ट हे पैठणचे ऋग्वेदी विद्वान. सोळाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी पैठण सोडले आणि पुढे काशीस बिऱ्हाड केले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट १५१३ साली जन्मले. ‘त्रिस्थलीसेतु’ आणि ‘प्रयोगरत्न’ हे ग्रंथ त्यांचेच. काशीविश्वेश्वराचे मोडलेले देवालय त्यांनी १५८५ च्या सुमारास तोडरमलाच्या साहाय्याने पुन्हा उभे केले. आपले नाथमहाराज १५७३ साली काशीत भागवताची टीका पुरी करीत होते, तेव्हा हे नारायणभट्ट हयात होते. एका पैठणकराने शास्त्र संस्कृतात मांडले, दुसऱ्याने भागवत मराठीत आणले. दोघांनाही आश्रय एकाच गंगेचा!

नारायणभट्टांचे नातू दिनकरभट्ट आणि कमलाकरभट्ट. कमलाकरांचा १६१२ चा ‘निर्णयसिंधु’ ठाऊक नाही असा वैदिक विरळा. दिनकरभट्टांचे चिरंजीव विश्वेश्वर, तेच आपले गागाभट्ट. वडिलांचा अपुरा राहिलेला ‘दिनकरोद्द्योत’ त्यांनी तडीस नेला, आणि मीमांसेवर ‘भाट्टचिंतामणि’ रचला.

अशा विद्येत दिवस चालले असता घाला आला. १६६९ साली औरंगजेबाने विश्वेश्वराचे देवालय पाडविले. पणजोबांनी उभारलेले मंदिर पणतवाच्या हयातीत गेले हो! जिथे बादशहाचा हुकूम चालतो तिथे नुसते शास्त्र देवाला राखू शकत नाही, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे?

पुढे पाचच वर्षांनी गागाभट्ट रायगडी आले. तिथे निराळाच पेच. राज्य होते, फौज होती, किल्ले होते. पण भोसले क्षत्रिय की नाहीत, आणि मुंज झालेली नसता अभिषेक कसा व्हावा, हा वाद उठला. गागाभट्टांनी क्षत्रियत्वाचा निर्णय दिला. २९ मे १६७४ रोजी महाराजांची मुंज झाली, आणि ६ जून रोजी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, मस्तकी अभिषेकाचे जल पडले. त्या दिवसापासून नवा राज्याभिषेक शक चालू झाला.

तेव्हा गागाभट्ट काशीचे की पैठणचे, असे कोणी पुसले तर आम्ही म्हणतो, दोन्हीकडचे. पैठणहून गेलेली विद्या काशीत पाच पिढ्या वाढली, आणि स्वराज्याला तिची गरज पडली त्या दिवशी ती रायगडावर उभी होती.