मार्टिन डेलनी

अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतात १८१२ साली मार्टिन डेलनीचा जन्म झाला. वडील गुलाम होते. आई पाती मात्र स्वतंत्र होती. मूल गुलाम की स्वतंत्र, हे तेथे आईवरून ठरे. म्हणून मार्टिनही स्वतंत्र ठरला. परंतु हे स्वातंत्र्य नावाचेच! कृष्णवर्णीय मुलांनी लिहावयावाचावयास शिकणे गोऱ्या मालकांस खपत नसे. एका फिरत्या विक्रेत्याकडून मिळालेल्या अंकलिपीवर ही भावंडे गुपचूप वाचावयास शिकली. ही गोष्ट बाहेर फुटताच, १८२२ मध्ये, आईने मुलांसह पेन्सिल्व्हेनियातील चेंबर्सबर्ग हे गाव गाठले.

एकोणिसाव्या वर्षी मार्टिन डोंगर ओलांडून पायी पिट्सबर्गला गेला. तेथे डॉक्टरांच्या हाताखाली त्याने वैद्यकाचे पाठ घेतले. १८४३ मध्ये त्याने स्वतःचे वृत्तपत्र काढले, आणि पुढे फ्रेडरिक डग्लस यांच्या पत्राचे संपादनही केले. १८५० मध्ये हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयाने त्यास प्रवेश दिला. पण गोऱ्या विद्यार्थ्यांनी तक्रार करताच त्याला व त्याच्या दोन कृष्णवर्णीय सोबत्यांना पुढील शिक्षण नाकारण्यात आले. त्याच वर्षी पळालेल्या गुलामांना पकडून देण्याचा कठोर कायदा झाला. या देशात आपल्या लोकांना न्याय मिळणे नाही, अशी डेलनी यांची खात्री झाली. कृष्णवर्णीय हे एक स्वतंत्र राष्ट्र आहेत. त्यांनी आपली भूमी वसवावी, असे त्यांनी १८५२ च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. डग्लस यांना मात्र हे पटले नाही; अमेरिकेतच राहून लढावे, असे त्यांचे मत होते.

१८५९ मध्ये डेलनी पश्चिम आफ्रिकेत गेले. आज नायजेरियात असलेल्या अबेओकुटा येथील राजाशी त्यांनी वसाहतीचा करार केला. पण पुढे तो मोडला. इतक्यात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. ज्या देशावरील विश्वास उडाला होता, त्याच्याच सैन्यासाठी डेलनींनी आपल्या बांधवांची भरती केली! हैतीच्या स्वातंत्र्यवीरावरून तूसँ असे नाव ठेवलेला त्यांचा मुलगाही त्या सैन्यात लढला. १८६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची भेट घेतल्यानंतर डेलनी मेजर झाले.

युद्धानंतर ते साउथ कॅरोलायनात मुक्त झालेल्या गुलामांसाठी झटले. १८७६ च्या निवडणुकीत मात्र त्यांनी जुन्या गुलाममालकांच्या पक्षाचा पुरस्कार केला. हा निर्णय समजणे कठीण आहे. त्यांच्या बांधवांनीही तो सहजी क्षमा केला नाही. १८८५ मध्ये ओहायोत ते निवर्तले. स्वतंत्र कृष्णवर्णीय राष्ट्राचा विचार पुढे जमैकाच्या मार्कस गार्वी यांनी लक्षावधी लोकांपर्यंत नेला. डेलनींच्या थडग्यावर मात्र कित्येक वर्षे एक लहानसा दगड होता, आणि त्यावरील नावही चुकीचे कोरलेले होते. त्या जागी स्मारक उभे राहिले ते २००६ साली.