मोजलेली पावले

थंडीची चाहूल लागली की कुमाऊँमधील जोहार खोरे रिकामे होऊ लागे. तेथील शौका लोक शेळ्यामेंढ्या घेऊन खालच्या गावांत उतरत. तिबेटकडे जाणाऱ्या खिंडी बर्फाने बंद होत. ज्या दिवसांत शहाणा माणूस घर जवळ करतो, त्याच दिवसांत या खोऱ्यातील मिलम गावचे एक शाळामास्तर तिबेटच्या पठारावरून ल्हासाच्या दिशेने एकेक पाऊल मोजत चालले होते. त्यांचे नाव नैनसिंग रावत.

त्यांचा जन्म १८३० सालचा. घरची गरिबी होती. तिबेटशी व्यापार हा गावाचा पिढीजात धंदा असल्याने तिकडची भाषा आणि रीतिरिवाज त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. १८५५ नंतर श्लागिन्टवाइट या जर्मन संशोधक बंधूंबरोबर हिंडताना त्यांना उपकरणांची ओळख झाली. पुढे ते गावच्या शाळेत शिक्षक झाले. तिकडे शिक्षकाला ‘पंडित’ म्हणत. हीच पुढे त्यांची ओळख ठरली.

तिबेटात त्या काळी युरोपियनांना मज्जाव होता. इंग्रजांच्या नकाशावर तो प्रदेश जवळजवळ कोराच होता. तेव्हा १८६३ साली सर्वेक्षण खात्याच्या कॅप्टन माँटगोमेरी यांनी नैनसिंग व त्यांचे चुलतभाऊ मणिसिंग यांना डेहराडूनला शिक्षणासाठी आणले. पहिला धडा होता चालण्याचा. चढ असो वा उतार, पाऊल सारखेच पडले पाहिजे. दोन हजार पावलांत एक मैल झाला पाहिजे. हातात जपमाळ दिली, पण तीत १०८ ऐवजी १०० मणी. शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. माळ पुरी झाली की दहा हजार पावले, म्हणजे पाच मैल. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींचे कागद, काठीत उष्णतामापक, पेटीच्या चोरकप्प्यात कोन मोजण्याचे यंत्र. जितके उंच जावे तितके पाणी कमी उष्णतेला उकळते. त्यावरून ते जागेची उंची काढत. आणि जप करणाऱ्या यात्रेकरूला वाटेत सहसा कोणी बोलते करीत नाही!

१८६५ च्या आरंभी दोघे निघाले आणि काठमांडूला पोहोचले. पुढे किरोंगच्या सरहद्दीवर त्यांना अडवून परत पाठवले. मणिसिंग मागे फिरले. नैनसिंगांनी वेश बदलून दुसरी वाट धरली. त्या खटपटीत, आपण ल्हासाला गेलो तर प्राणास मुकू, असे किरोंगच्या अधिकाऱ्यापुढे कबूल करावे लागले होते. तरीही ऑक्टोबरमध्ये लडाखी व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर ते पूर्वेकडे निघाले. शिगात्से येथे मुक्काम झाला. ऐन डिसेंबरात ग्यांत्से मागे टाकून, यमद्रोक सरोवराच्या काठाने जात, १० जानेवारी १८६६ रोजी ते ल्हासाला पोहोचले.

पैसे संपत आले तेव्हा नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून त्यांनी पोट भरले. मास्तरकी तेथेही कामी आली. रात्री गुपचूप ताऱ्यांचे कोन घेत. एके दिवशी रस्त्यात तोच किरोंगचा अधिकारी दिसला. केलेली कबुली डोळ्यांपुढे उभी राहिली असेल! त्यांनी बिऱ्हाड बदलले, बाहेर पडणे कमी केले. एप्रिलमध्ये परतीची वाट धरली ती पुन्हा पावले मोजतच. या प्रवासाने ल्हासाचे स्थान व उंची निश्चित झाली आणि त्सांगपो नदीचा, म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेचा, मोठा मार्ग नकाशावर आला. १८७४-७५ मध्ये त्यांनी लेहहून ल्हासामार्गे आसाम गाठले.

हे सारे इंग्रज राज्यासाठी होते, यजमान देशाला फसवून केलेली ही हेरगिरीच होती, असे कोणी म्हणेल. ते खोटे नाही. ज्या नकाशासाठी त्यांनी जीव धोक्यात घातला, तो त्यांच्या स्वतःच्या देशबांधवांच्या हाती नव्हता. पण मला विचारात पाडते ती दुसरीच गोष्ट. त्या ओसाड वाटेवर त्यांच्यावर देखरेख करणारे कोणीच नव्हते. बोटे गारठली म्हणून दोन मणी अंदाजाने सरकवले असते तरी डेहराडूनला ते कळण्याचा मार्ग नव्हता. त्यांनी तसे केले नाही, हे पुढच्या मोजमापांनी दाखवून दिले.

माझे वडील निरक्षर आहेत. शेताचा बांध ते पावलांनीच मोजतात आणि शंभर पावले झाली की खिशात एक खडा टाकतात. मोजताना मध्येच हाक मारली तर रागावतात, कारण पुन्हा पहिल्यापासून चालावे लागते. नैनसिंगांच्या माळेविषयी वाचले तेव्हा प्रथम ते खडे आठवले. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. आता कळते की मोजणीतला खरेपणा मी येथे येण्याआधीच घरी पाहिला होता.

१८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने नैनसिंगांना सुवर्णपदक दिले. भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले ते २००४ साली. कामगिरीवर असताना मात्र गुप्ततेसाठी अहवालात त्यांचे नावही येत नसे. तेथे ते फक्त ‘पंडित’ होते. मिलमच्या शाळेतली मुले त्यांना ज्या नावाने ओळखत, त्याच नावाने.