हजरत इब्राहीम : कुर्बानीमागचे चरित्र



ज्या घरांत शिवलीलामृत वाचले जाते, तेथे चौदाव्या अध्यायातील चिलया बाळाची कथा लहानथोरांना ठाऊक असते. अतिथीच्या रूपाने आलेल्या शंकराने श्रियाळ राजा आणि राणी चांगुणा यांच्याकडे त्यांचा मुलगाच मागितला. त्यांनी तो दिला आणि शेवटी बाळ जिवंत परत मिळाले. ही कथा ऐकून डोळे पुसणाऱ्यांना बकरी ईदेचा अर्थ समजणे अवघड जाऊ नये. त्या सणामागेही एक बाप, एक मुलगा आणि तशीच कठीण मागणी आहे. शेजारच्या मुसलमान बांधवाच्या दारी बांधलेला बकरा आपण पाहतो. पण ज्यांच्या स्मरणार्थ ही कुर्बानी होते, त्या हजरत इब्राहीम यांचे चरित्र आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असते. तेच आज थोडक्यात पाहू.

इब्राहीम यांचा काळ परंपरेने सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात. त्यांचा जन्म आजच्या इराक देशात झाला असे सांगतात. वडिलांचे नाव आझर. घरात आणि गावात मूर्तींची पूजा चाले. कुराणात वर्णन आहे, की त्यांनी रात्री चमकणारा तारा पाहिला, मग चंद्र, मग सूर्य. प्रत्येकाच्या तेजाकडे त्यांचे लक्ष गेले. परंतु तिन्ही मावळले. जे मावळते ते आपले दैवत नव्हे, या सर्वांना निर्माण करणारा एकच आहे, असा त्यांचा निश्चय झाला. हा निश्चय त्यांना महागात पडला. वडील दुरावले. देवळातील मूर्ती फोडल्याबद्दल लोकांनी त्यांना धगधगत्या आगीत टाकले. पण ईश्वराच्या आज्ञेने ती आग त्यांच्यासाठी थंड झाली, असे कुराण सांगते. पुढे जन्मभूमी सोडून ते पत्नी साराबरोबर कनान प्रदेशात आले.

घर सुटले, देश सुटला. पण मोठे दुःख वेगळेच होते. वय उताराला लागले तरी पोटी मूल नव्हते. अखेर म्हातारपणी दुसरी पत्नी हाजरा हिच्या पोटी इस्माईल जन्मला. उशिरा मिळालेल्या मुलाची माया किती असते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक! परंतु थोड्याच दिवसांत आज्ञा झाली, आणि इब्राहीमनी मायलेकरांना मक्केच्या ओसाड खोऱ्यात नेऊन सोडले. तेथे ना झाड होते, ना पाणी. जवळचे पाणी संपले, तेव्हा तहानेने तळमळणाऱ्या बाळासाठी हाजरा सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा धावली. मग बाळाजवळच पाण्याचा झरा फुटला. तोच झमझम. आजही हजला जाणारे लाखो यात्रेकरू या टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालतात, त्या या आईच्या धावपळीची आठवण म्हणूनच.

इस्माईल बापाबरोबर कामाला लागण्याइतका मोठा झाला, तेव्हा इब्राहीमना स्वप्न पडले. त्यात आपण मुलाचा बळी देत आहोत असे त्यांनी पाहिले. पैगंबरांचे स्वप्न म्हणजे ईश्वराची आज्ञा. या ठिकाणी कुराणातील एक गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे. बापाने मुलाला फसवून नेले नाही. त्याला स्वप्न सांगितले आणि त्याचे मत विचारले. मुलाने आज्ञा पाळावी असे सांगितले आणि आपण धीर धरू असा विश्वास दिला. दोघेही मिना येथे निघाले. वाटेत सैतानाने तीन ठिकाणी मन वळवण्याचा प्रयत्न केला आणि इब्राहीमनी त्याला खडे मारून हाकलले, अशी परंपरा आहे. हजमध्ये खडे मारण्याचा विधी त्यावरूनच आला.

बापाने मुलाला कपाळावर पालथे निजवले. त्याच क्षणी हाक आली, की स्वप्न खरे करून झाले आहे, आता पुढे काही करावयाचे नाही. मुलाच्या बदली एक मोठा बळी पाठवला गेला. तो मेंढा होता असे मानतात. कुराणाच्या ३७व्या सूरेत ही कथा येते. तेथे मुलाचे नाव दिलेले नाही. मुसलमान बहुधा इस्माईल मानतात, तर यहुदी आणि ख्रिस्ती यांच्या ग्रंथात ते नाव इसहाक आहे. नाव कोणतेही असो, मागितलेला मुलगा बापाजवळच राहिला.

पुढे बापलेकांनी मिळून मक्केत काबागृहाच्या भिंती उभारल्या. साराच्या पोटी इसहाकही जन्मला. अनोळखी पाहुणे दारी येताच न विचारता भाजलेले वासरू त्यांच्यापुढे आणून ठेवणारा यजमान, अशीही इब्राहीमांची ख्याती कुराणात आहे. त्यांना खलीलुल्लाह, म्हणजे ईश्वराचा मित्र, म्हणतात. त्यांची समाधी पॅलेस्टाइनमधील हेब्रोन येथे मानली जाते, आणि त्या गावाचे अरबी नावही अल-खलील असेच आहे.

पुढे महंमद पैगंबरांनी हीच प्रथा चालवली. मदिनेत त्यांनी दोन शिंगवाले मेंढे कुर्बान केले. एक स्वतःच्या व घरच्यांच्या नावे, आणि एक आपल्या अनुयायांपैकी ज्यांना ऐपत नाही त्यांच्या नावे, असे सांगतात. ६३२ साली अखेरच्या हजच्या वेळी त्यांनी ६३ उंट स्वतःच्या हाताने कुर्बान केले.

कुर्बानी जिल्हिज महिन्याच्या १० तारखेला ईदेची नमाज झाल्यावरच करतात. हनफी पंथात तीन दिवस मुभा असते. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान शाफई पंथाचे आहेत. त्या पंथात चार दिवस चालते. बकरा किंवा मेंढा एका माणसाच्या नावे. गाय वा उंट असेल तर सातजण भागीदार होऊ शकतात. जनावर आंधळे, लंगडे, आजारी किंवा अगदी हाडकुळे चालत नाही. देवाच्या नावे टाकाऊ वस्तू देऊ नये, हा त्यातला भाव. सुरी धारदार असावी, ती जनावरासमोर पाजळू नये, आणि एकाच्या देखत दुसऱ्याला कापू नये असा दंडक आहे. मांसाचे तीन वाटे करणे चांगले मानतात : एक घरच्यांना, एक नातलग व मित्रांना, एक गरिबांना. कसायाला मजुरी म्हणून मांस देता येत नाही, आणि कातडे विकून पैसा खिशात घालता येत नाही. मिनाला लाखो जनावरांचे मांस वाया जाऊ नये म्हणून १९८३ पासून ते साठवून निरनिराळ्या देशांतील गरिबांकडे पाठवण्याची व्यवस्था आहे.

या सर्वांचे फळ काय? जनावराच्या अंगावरील प्रत्येक केसामागे एक पुण्य मिळते, अशी श्रद्धा प्रचलित आहे. पण कुराणाच्या २२व्या सूरेत याहून मूळची गोष्ट सांगितली आहे. ईश्वराकडे ना मांस पोहोचते ना रक्त. पोहोचते ती माणसाच्या मनातील निष्ठा. कुर्बानी हा शब्दही जवळीक या अर्थाच्या अरबी शब्दापासून झाला आहे.

आपण नवस करतो, तेव्हा आधी मागतो आणि मिळाल्यावर फेडतो. इब्राहीमनी तेव्हा काहीच मागितले नव्हते. जे मिळाले होते तेच परत द्यायची तयारी दाखवली, आणि ते त्यांच्याकडेच राहिले. आपल्यालाही जे अतिशय प्रिय आहे, मग तो पैसा असो, मान असो वा मुलांबद्दलचा हट्ट असो, ते गरज पडल्यास सोडता येईल का, हा प्रश्न हे चरित्र प्रत्येकापुढे ठेवते. त्याचे उत्तर देण्यासाठी मुसलमानच असावे लागते असे नाही.

येत्या बकरी ईदेला शेजारघरून झाकलेले ताट आले, तर त्या घरी शुभेच्छा द्यायला अवश्य जावे. आपण मांस खात असू वा नसू, त्या ताटामागची गोष्ट आता आपल्याला ठाऊक आहे. चिलया बाळाची गोष्ट त्यांना सांगायलाही ती वेळ चांगली.