पायातील अमानत : अभियंते फजलुर रहमान खान

उंच इमारतीत राहावयास जाताना आपण तिचा पाया उकरून पाहत नाही. ज्याने तो घातला, त्याच्या सचोटीवर विसंबून आपण मुलाबाळांसह तेथे निर्धास्त झोपतो. हा विश्वास म्हणजे अभियंत्याच्या हाती दिलेली अमानत होय.

मरहूम फजलुर रहमान खान यांचे जीवन या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. १९२९ साली बंगालमध्ये एका गणित-शिक्षकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. शिबपूर व ढाका येथे शिक्षण घेऊन १९५२ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि तीन वर्षांत डॉक्टरेट मिळवून शिकागोत स्थिरावले. तेथील शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटर व ११० मजली सिअर्स टॉवर यांची संरचना त्यांचीच.

हॅनकॉकची आखणी करताना, इमारत वाऱ्यापुढे टिकेल एवढ्यावर ते समाधानी राहिले नाहीत. आत राहणाऱ्या माणसाला डोलणे किती जाणवेल, हे जाणण्यासाठी त्यांनी एका संग्रहालयातील फिरत्या मंचावर माणसांना उभे करून, बसवून व निजवून पाहिले. पुढे १९६६ मध्ये बांधकाम चालू असताना पायातील काँक्रीटच्या एका खोल स्तंभात दोष आढळला. काम थांबले, पायाची तपासणी झाली, महिने गेले व मालकाला जबर आर्थिक फटका बसला. परंतु दोष मातीआड झाकून वर मजले चढले नाहीत.

खान यांनी अनेक वर्षे इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अध्यापन केले. अभियंत्याने तंत्रात हरवून न जाता माणसांचे जीवन जाणले पाहिजे, ही त्यांची धारणा होती. आज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना नीतीचे व लोकसुरक्षेचे धडे द्यावयाचे तर ते अशा उदाहरणांतूनच द्यावे लागतील. कारण समीकरण भार सांगते, दोष दिसताच काम थांबवण्याचे धैर्य देत नाही.

हाजींना सावली देणारे जिद्दा येथील तंबूंच्या छताचे हज टर्मिनल हे त्यांचे अखेरच्या काळातील कार्य. २७ मार्च १९८२ रोजी त्याच शहरात त्यांचे निधन झाले.

आपला मुलगा वा मुलगी अभियंता झाली की आपण पगार विचारतो. त्यासोबत एवढेही विचारावे : जे काम उद्या गिलाव्याआड जाणार आहे, ते तू स्वतः तपासलेस काय? तेथे लोकांची नजर पोहोचत नाही, अल्लाहची पोहोचते.