अंधारातही उमललेले पान

दक्षिण फ्रान्समधील बेझिए या गावी १६७८ साली जन्मलेले झाँ-जाक द मेराँ हे मुळात खगोल आणि भौतिकशास्त्राचे अभ्यासक. १७१८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत त्यांची निवड झाली. ध्रुवप्रदेशातील आकाशात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशावर त्यांनी १७३३ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला आणि नाव कमावले. पण आज त्यांचे नाव घेतले जाते ते एका रोपट्यामुळे.

लाजाळूची पाने दिवसा उघडतात आणि संध्याकाळी मिटतात. सूर्यप्रकाशामुळे हे होते, असेच सगळे मानत. मेराँ यांनी असे रोपटे अंधाऱ्या जागी ठेवून पाहिले. ऊन नाही, उजेड नाही, तरीही पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. म्हणजे रोपट्याला वेळ आतूनच कळत होती.

मेराँ यांना स्वतःला हा शोध फार मोलाचा वाटला नाही. इतर कामांत गुंतलेल्या मेराँ यांनी तो प्रसिद्धही केला नाही. १७२९ मध्ये त्यांचे मित्र, वनस्पतिशास्त्रज्ञ मार्शाँ यांनी तो अकादमीपुढे मांडला. त्या छोट्याशा टिपणात एक विलक्षण नोंद आहे. अंथरुणाला खिळलेल्या अनेक रुग्णांनाही दिवस आणि रात्र यांतला फरक आतून जाणवतो. रोपट्याचा आणि त्यांचा काही संबंध असावा, असा तो अंदाज होता. पुढे अकादमीचे सचिवपद सांभाळून मेराँ १७७१ मध्ये, ब्याण्णव वर्षांचे होऊन वारले.

रुग्णांविषयीच्या त्या अंदाजाचे उत्तर मिळायला दोन शतकांहून अधिक काळ लागला. १९७२ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून मेंदूतील मुख्य घड्याळाचा ठिकाणा सापडला. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, दोन चिमुकले पुंजके असतात. दोन्ही मिळून सुमारे २० हजार चेतापेशी. या पेशींतील काही जनुके साधारण चोवीस तासांच्या फेऱ्यात आळीपाळीने चालू-बंद होतात. पण पेशीच्या आत वाजलेले किती, हे बाकीच्या शरीराला कळणार कसे? इथे आयन मार्गिका कामाला येतात.

पेशीच्या आवरणातील प्रथिनांच्या या बारीक दारांमधून सोडियम, पोटॅशियम यांचे विद्युतभारित कण ये-जा करतात. दिवसा सोडियम आत झिरपू देणाऱ्या मार्गिका अधिक सक्रिय होतात, पेशी उत्तेजित होतात आणि भराभर विद्युत संदेश सोडतात. रात्री पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या मार्गिकांचा जोर वाढतो आणि पेशी शांत होतात. या चढउतारावरच झोप, शरीराचे तापमान आणि काही संप्रेरकांचे वेळापत्रक अवलंबून असते.

गंमत म्हणजे, लाजाळूच्या देठाशी जो फुगीर सांधा असतो, तिथेही पोटॅशियमच काम करते. ते पेशींत शिरले की मागोमाग पाणी शिरते, बाहेर पडले की पाणीही बाहेर पडते. त्या फुगण्या-ओसरण्यानेच पाने उघडतात आणि मिटतात. वनस्पती आणि माणूस यांची घड्याळे घडली वेगवेगळ्या जनुकांतून, पण दोघांचेही काटे फिरतात ते आयनांच्या ये-जा करण्यावर.

हे घड्याळ आपोआप चालते, पण ते बाहेरच्या दिवसाशी जुळवावे लागते सकाळच्या उजेडाने. अतिदक्षता विभागात रात्रंदिवस दिवे आणि आवाज असले की रुग्णाची झोप मोडते; वृद्धांमध्ये भ्रम होण्याच्या अनेक कारणांपैकी हेही एक मानले जाते. म्हणूनच घरी किंवा रुग्णालयात कोणी खाटेवर पडून असेल, तर दिवसा खिडकीचा पडदा सारावा, रात्री दिवा मालवावा. औषधोपचार आपल्या जागी आहेतच. या दोन गोष्टींना मात्र पैसा लागत नाही. खाटेवरच्या माणसाला दिवस-रात्र आतून कळते, हे त्या टिपणात १७२९ मध्येच लिहून ठेवले होते.