दामाजीपंतांचे कोठार

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे आख्यान ज्याच्या कानावरून गेले नाही असा वारकरी विरळा. विठू महाराचे रूप घेऊन देव बेदरच्या दरबारात उभा राहतो, त्या ठिकाणी श्रोत्यांचे डोळे हटकून पाणावतात. ते योग्यच आहे. परंतु भाविकहो, देव बेदरला गेला तो मागाहून. त्याआधी मंगळवेढ्यात जे घडले त्यावरून आपण घाईने पुढे जातो. आमचे वडूज पडले दुष्काळी टापूत. येरळा कोरडी पाहण्याची डोळ्यांना सवय. म्हणून आज तेथेच थोडे थांबू या.

पंत हे बहामनी सुलतानाचे अंमलदार. सुलतानाची गादी बेदरला आणि पंतांचे ठाणे मंगळवेढ्याला. हे चोखोबांचे व कान्होपात्रेचे गाव, पंढरीपासून एका दिवसाच्या चालीवर. तेथील जमीन काळी, कसदार. ज्वारी अशी पिकते की आजही त्या गावाला ज्वारीचे कोठार म्हणतात. सरकारी धान्याची कोठारे पंतांच्या ताब्यात होती. पंत चाकरी सुलतानाची करीत, पण चित्त पांडुरंगापाशी. नित्य गीतापाठ करावा, दारी आलेला अतिथी विन्मुख जाऊ देऊ नये, असा त्यांचा नेम.

जुन्या काळी आपल्याकडे ज्वारी पेवात साठवीत. कोरड्या, उंच जागी जमिनीत खोल खड्डा घ्यायचा, आतून शेणामातीने सारवायचा, कडेने कडबा किंवा भुसा लावायचा, धान्य भरून तोंड मातीने बंद करायचे. पाणी शिरले नाही तर ज्वारी वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडले म्हणजे मात्र लगेच आत उतरायचे नाही; कोंडलेली विषारी हवा आधी जाऊ द्यायची. हे ज्ञान कोणा एकाचे नव्हे. सुकाळात दुष्काळाची आठवण ठेवणाऱ्या कुणब्यांच्या कित्येक पिढ्यांचे ते आहे.

आठवण ठेवण्याजोगे घडलेही होते. इ. स. १३९६ च्या सुमारास दुर्गादेवीचा दुष्काळ सुरू झाला. तो बारा वर्षे हटला नाही असे परंपरा सांगते. त्यानंतर साठएक वर्षांनी, इ. स. १४६० च्या आसपास, पुन्हा पाऊस रुसला. त्याच दुष्काळाला पुढे लोकांनी दामाजीपंतांचे नाव दिले. महिपतीबोवा ताहराबादकरांचा भक्तविजय ग्रंथ त्यानंतर तीनशे वर्षांनी, १७६२ साली सिद्ध झाला. तेव्हा पुढची हकीगत भक्तपरंपरेने जपलेली कथा म्हणून ऐकावी.

पंढरीचा एक ब्राह्मण पंतांच्या घरी जेवायला बसला. पहिला घास हाती घेतला आणि त्याला रडू कोसळले; घरी मुलेबाळे उपाशी, त्यांची आठवण झाली. पंतांनी त्याच्या घरी धान्य रवाना केले, ते वाटेतच भुकेल्यांनी लुटले. मग माणसांची रीघ मंगळवेढ्याला लागली. पंतांच्या घरचे धान्य किती दिवस पुरणार? समोर सुलतानाची भरली कोठारे आणि दाराशी मरू घातलेली माणसे.

आता पंतांचा पेच पाहा बरे. धान्य दुसऱ्याचे, आपण राखणदार. विचारायला माणूस धाडावा तर बेदर कित्येक मजला दूर. तो जाऊन येईपर्यंत दारातली किती माणसे उरतील? न विचारता उघडावे तर तो स्वामिद्रोह, आणि त्याची शिक्षा प्राणावर बेतणारी. शास्त्राने संकटकाळासाठी आपद्धर्म सांगितला आहे खरा, पण तो आचरायला आपले मस्तक पणाला लावावे लागते. पंतांनी लावले. कोठारे उघडली आणि धान्य लोकांना वाटून दिले.

हाताखालच्या मुजुमदाराने बेदरला कागाळी लिहिली. पंतांना धरून नेण्यास शिपाई आले. वाटेत पंढरीला पंतांनी देवाचे शेवटचे म्हणून दर्शन घेतले. तिकडे देवाने विठू महार होऊन धान्याचे मोल दरबारात भरले. पावती पंतांच्या गीतेच्या पोथीत येऊन पडली. सुलतानाने पंतांचा सन्मान केला. पण पंतांचे मन चाकरीतून उठले ते उठलेच. पुढे ते पंढरीस देवाच्या पायाशी राहिले.

मायबापहो, देवाने मोल भरले. पण कोठारात धान्यच नसते तर पंतांनी वाटले काय असते? आणि धान्य असून पंत कचरले असते तर ते कोणाच्या मुखी लागते? भरलेले कोठार आणि वेळेवर उघडणारा हात, दोन्ही हवे.

पण गावोगावी दामाजीपंत कोठून आणावेत? अंमलदाराने प्रत्येक वेळी मान कापून घ्यायची तयारी ठेवावी हा काही राज्यकारभार नव्हे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दक्षिणेत लाखो माणसे गेली, तेव्हा कुठे इंग्रज सरकारने आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८० साली आला व त्यावरून दुष्काळाच्या संहिता झाल्या. काम केव्हा काढावे, अन्न कोणास द्यावे, हे आधीच लिहून ठेवण्याची रीत पडली. पुढे आपल्या शेजारच्या तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम ही रोजगार हमी मांडली. त्यांच्या भागात प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पंतांनी जे जिवावर उदार होऊन दिले, ते मागण्याचा गरिबाला हक्क मिळाला.

बहात्तर साली मी दहाबारा वर्षांचा होतो. खडी फोडून आलेल्या बायांच्या हातांचे फोड आणि पदरात बांधून आणलेली सुकडी अजून डोळ्यांपुढे आहे. त्या सुकडीची चव मला कोणत्याही प्रसादाहून कमी वाटली नाही.

आज आपले पेव म्हणजे जमिनीखालचे पाणी. ते पावसाळ्यात बांधबंदिस्ती करून भरायचे, आणि किती उपसायचे हे गावाने मिळून ठरवायचे. चारा कोठे साठवायचा, टँकर आला तर पहिली घागर कोणत्या म्हातारीच्या दारी जायची, हेही पीक उभे असताना, पोट भरलेले असताना बोलून ठेवावे. भुकेच्या दिवसांत भांडणे होतात, विचार होत नाही.

आषाढीला पंढरीस गेलात तर परतताना मंगळवेढ्यास पंतांचे दर्शन घ्या. आणि घरी आल्यावर आपल्या गावचे कोठार कोठे आहे, त्यात काय आहे, किल्ली कोणापाशी आहे, हे एकदा विचारा.